किती निघाली?

आपल्याकडे विनाकारण चालणाऱ्या माणसाला दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "शुगर का?" आणि होकाराची वाट न बघता दुसरा, "किती निघाली?" लेख सुचत नाही म्हणून चालतोय, असं खरं उत्तर द्यायचा धीर मला होत नाही. मधुमेहाला समाजात मान आहे. न सुचणं हा आजार अजून कुणी मनावर घेत नाही.

खरं तर या पथ्याला चांगला आधार आहे. स्टॅनफर्डच्या मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी २०१४ साली बसलेल्या आणि चालणाऱ्या माणसांना एकच काम दिलं. एखाद्या साध्या वस्तूचे जमतील तेवढे वेगळे उपयोग सांगायचे. चालताना ८१ टक्के लोकांना जास्त सुचलं. गंमत म्हणजे ट्रेडमिलवर, समोर कोरी भिंत असतानाही सुचलं. तेव्हा "हिरवळ बघितली की प्रतिभा फुलते" हे फार तर अर्धं खरं. उपमा सुचवायच्या एका प्रयोगात तर काहींना चाकांच्या खुर्चीत बसवून बाहेर फिरवून आणलं. दृश्य तेच, पाय मात्र रजेवर. सगळ्यांत नव्या आणि नेमक्या उपमा निघाल्या त्या बाहेर, स्वतःच्या पायांनी चालणाऱ्यांच्या. टॅक्सीतून हवापालट करून येणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. तीन शब्दांना जोडणारा एकच नेमका शब्द शोधा, असं काम दिल्यावर चालण्याचा फायदा जेमतेम २३ टक्के लोकांना झाला. म्हणून घरातून निघताना प्रश्न पारखून घ्यावा लागतो. "या लेखाची सुरुवात आणखी कुठून करता येईल?" हा प्रश्न चालायला न्यावा. "साठ शब्द कुठे कापू?" हा खुर्चीचा प्रश्न, तो खुर्चीतच ठेवावा. आणि एका फेरफटक्याला एकच प्रश्न. दोन नेले तर ते एकमेकांशीच बोलत बसतात.

आता रस्ता. मुंबईचा फूटपाथ या कामाला निरुपयोगी. सुटलेला पेव्हर ब्लॉक, झाकण नसलेलं गटार आणि उलट्या बाजूने येणारी स्कूटर यांच्यावर लक्ष ठेवायला जेवढी बुद्धी लागते, तेवढ्यात कादंबरी होते. पुण्याची पर्वती नको. १०३ पायऱ्या चढताना सुचतो तो फक्त मृत्यू. चाल अशी हवी की सलग वाक्य बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. सपाट आणि ओळखीची वाट उत्तम, आणि गोल असेल तर सोन्याहून पिवळं, कारण कुठे वळायचं हे ठरवावं लागत नाही. डार्विनच्या केंटमधल्या घरामागे अशी 'सँडवॉक' नावाची वाट होती. फेऱ्या मोजायला तो दगड मांडून ठेवी आणि दर फेरीला एक पायाने उडवी.

दादरच्या शिवाजी पार्कचा कट्टा साधारण १.१७ किलोमीटरचा. तीन फेऱ्या म्हणजे साडेतीन किलोमीटर, पाऊण तासाच्या आत. अंतर बरोबर, वाट सपाट, वर झाडांची सावली. घात होतो तो दिशेत. आपल्याच वेगाने, पण उलट दिशेने चालणारा ओळखीचा माणूस दर फेरीत दोनदा समोर येतो. तीन फेऱ्यांत सहा वेळा. पहिल्यांदा नमस्कार, दुसऱ्यांदा हसू, तिसऱ्यांदा भुवई, चौथ्यांदा बुटाची नाडी. पाचव्या भेटीला तो थांबतोच आणि विचारतो, "किती निघाली?" म्हणून बहुसंख्य लोक ज्या दिशेने चालतात तीच दिशा धरावी. मग पाठीच दिसतात, आणि पाठ प्रश्न विचारत नाही.

फोन बंद ठेवावा. ध्वनिमुद्रणाचा मोह होतो, पण घरी ऐकावं तर वारा, हॉर्न आणि आपलं धापा टाकणं. मधूनच ऐकू येतं, "म्हणजे तो माणूस खरं तर..." आणि बेस्टची बस.

बॉलपेनही नको. झाडाला किंवा भिंतीला कागद टेकवून लिहिताना पेन आडवं होतं, शाई टोकाकडे उतरत नाही आणि ऐन वाक्यात नुसता ओरखडा उठतो. जेलची शाई घामाने फुटते, पावसात तर तिचा रंगपंचमीशी करार असतो. साधी पेन्सिल घ्यावी, बोटाएवढी, म्हणजे खिशात मोडत नाही. कागद म्हणून जुन्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू. जाड असते, तळहातावर ठेवून लिहिता येतं. (लग्नं टिकोत न टिकोत, पत्रिका टिकतात.)

घरी आल्यावर आंघोळ आणि चहा या दोन्हींच्या आधी टेबलाशी बसावं. चालून आल्यानंतर बसलं तरी परिणाम थोडा वेळ राहतो, हेही त्याच प्रयोगांत दिसलं. मला घामाने टेबल खराब झालेलं चालतं. घरच्यांना चालत नाही, तो वेगळा लेख.

पण सगळ्यांत मोठी चूक कागदावरच होते. चालताना सुचलेलं इतकं लख्ख दिसतं की पूर्ण वाक्य लिहायची गरजच वाटत नाही. टेबलाशी बसून कार्ड बघावं तर त्यावर असतं, "आजोबा. छत्री. पण उलट!!!" तीन उद्गारचिन्हं आहेत म्हणजे काहीतरी थोर असणार, पण आजोबा उलटे की छत्री, हे आता फक्त कट्ट्याला ठाऊक. म्हणून क्रियापदासकट लिहावं, अगदी थांबून, मागचा माणूस अंगावर आदळला तरी. त्याच कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात वेगळ्या अक्षरात लिहिलेलं असतं, "भेंडी अर्धा किलो, कोथिंबीर एक जुडी." त्यातही क्रियापद नसतं. पण त्याच्या अर्थाबद्दल घरात आजवर कुणालाही शंका आलेली नाही.