ढवळ्याला पवळ्या दिसत नाही, असं समजा

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण ज्याने कुणी केली त्याचं एम.व्ही.एस्सी. (पशुवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) झालेलं नव्हतं, हे उघड आहे. झालं असतं तर त्याला कळलं असतं की ढवळ्या ही एक स्वतंत्र नोंद आणि पवळ्या ही दुसरी. दोघं एकाच दावणीला, एकाच गव्हाणीत तोंड घालून उभे असले तरी एक्सेलमध्ये ते वेगवेगळ्या ओळींत असतात. ओळ वेगळी, म्हणजे जनावर स्वतंत्र. संपला विषय.

जनावरांच्या वर्तनावर थीसिस करणाऱ्या मुलामुलींचा डेटा माझ्याकडे येतो. येतो म्हणजे सबमिशनच्या दहा-बारा दिवस आधी, पेन ड्राइव्हवर, ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नक्की’ अशा नावांनी येतो. सोबत एकच वाक्य असतं : “मॅडम, बाकी काही नको, फक्त पी व्हॅल्यू काढून द्या.” (पी व्हॅल्यू म्हणजे नुसत्या योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक पडायची शक्यता; ती ०.०५ च्या खाली आली की प्रयोग पास समजतात.) संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९३८ साली कलकत्त्याला पहिल्या भारतीय सांख्यिकी परिषदेच्या अध्यक्षपदावरून म्हणाले होते की, प्रयोग उरकल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे बऱ्याचदा शवविच्छेदनाला बोलावणं; प्रयोग कशाने मेला एवढंच तो सांगू शकेल. आमच्याकडे हे कुणाला लागत नाही. आमच्याकडे शवविच्छेदनाला वेगळी खोलीच आहे.

बरीच वर्षं मी उलटे प्रश्न विचारून मुलांना रडवलं. आता ठरवलंय, सरळ उपयोगाचं सांगायचं.

उदाहरणाला कोंबड्या घेऊ. अंड्यांवरच्या, पोल्ट्रीवाले ज्यांना लेयर म्हणतात त्या. समजा तुमचा प्रश्न असा आहे : शेडमध्ये कोबीचा गड्डा सुतळीने टांगला तर कोंबड्या एकमेकींची पिसं उपटायचं कमी करतात का? हसू नका, प्रश्न चांगला आहे. रिकामी चोच सैतानाचं घर. जमिनीवर तूस पसरलेल्या, गादी पद्धतीच्या शेडमध्ये जाळी मारून तुम्ही ८ कप्पे केलेत, कप्प्यात २५-२५ पक्षी. चार कप्प्यांत कोबी, चार बिनकोबीचे. आता सांगा, तुमच्याकडे नोंदी किती?

८ म्हणालात तर तुमचं कठीण आहे. कोबी कप्प्याला टांगला, कोंबडीला नाही, हे खरं. मधोमध गड्डा लोंबकळतो, एकीने चोच मारली की बाकीच्या चोवीस धावतात, हेही खरं. एखादीला टोचायची खोड लागली की बघता बघता निम्म्या कप्प्याच्या शेपट्या उघड्या पडतात, हे तर शेडवरचा माणूस तुम्हाला विचारल्याशिवाय सांगेल. सगळं खरं आहे आणि म्हणूनच ते मनात आणायचं नाही. आठ या आकड्याने आजवर कुणाचं भलं केलेलं नाही.

कोंबड्या मोजा. २०० झाल्या. बरं वाटलं ना? थांबू नका. तुम्ही दर पाच मिनिटांनी शेडवर नजर फिरवून कोण काय करतंय ते टिपलंय, दिवसाला ३० वेळा, २० दिवस. गुणाकार करा : १,२०,००० नोंदी. सकाळी नऊला दांडीवर बसलेली कोंबडी नऊ वाजून पाच मिनिटांनीही तिथेच असते, दहा मिनिटांनीही असते, कारण तिला उठायचं काही कारण नसतं. तुम्ही मात्र तिच्या त्या एका बसण्यातून अर्धा डझन स्वतंत्र निरीक्षणं काढू शकता. अंडं घालो न घालो, नोंदी घालतेय.

शिवाय जोड्या आहेत. २५ जणींत ३०० जोड्या होतात, आठ कप्प्यांत २,४००. कुणी कुणाला टोचलं ते दोन्हीकडे लिहा : एकदा टोचणारीच्या ओळीत, एकदा टोचून घेणारीच्या. चोच एक, नोंदी दोन. वाणिज्य शाखेत याला डबल एंट्री म्हणतात आणि त्यावर माणसं घर चालवतात.

या कलेला स्टुअर्ट हर्लबर्ट या अमेरिकी परिसरशास्त्रज्ञाने १९८४ साली ‘स्यूडोरेप्लिकेशन’ (म्हणजे खोटी पुनरावृत्ती) असं नाव ठेवलं; मराठीत नाव ठेवण्याचे जे दोन अर्थ होतात त्या दोन्ही अर्थांनी. १७६ प्रयोग तपासून त्याने दाखवलं की ज्यांनी चाचण्या लावून निष्कर्ष काढले होते त्यांतल्या ४८ टक्क्यांत हा प्रकार होता. लोक हे वाचून हळहळतात. तुम्ही उलटं वाचा. जवळजवळ निम्मी मंडळी हेच करतात आणि त्यांचं छापून येतं, तर तुम्हीच काय घोडं मारलंय?

मोडता घालणारे तरी असतातच. ते एक गणित घेऊन येतात. एकाच कप्प्यातल्या दोघी परक्या कप्प्यातलीपेक्षा किती सारख्या वागतात, याचा एक आकडा काढतात. समजा तो ०.२ आला; फार काही नाही, शेजारधर्माइतका. मग कप्प्यातल्या संख्येतून एक वजा करून त्याला ०.२ ने गुणायचं आणि त्यात एक मिळवायचा : ५.८. आता २०० ला ५.८ ने भागा. साडेचौतीस! तुम्ही दोनशे कोंबड्यांच्या पायांत नंबरच्या रिंगा घातल्यात, तुसाची धूळ नाकात जाऊन आठवडाभर शिंकलात आणि गणित म्हणतं, कामाच्या साडेचौतीसच. उरलेल्या शेजारणीचं बघून वागत होत्या. ती अर्धी कोंबडी कुठली तेही सांगत नाही. असलं गणित घरात ठेवू नये.

त्याहून वाईट चिठ्ठ्या. कोबीचा काडीचा परिणाम नाही असं क्षणभर धरलं, तर कुठल्या चार कप्प्यांना कोबी मिळाला हा निव्वळ योगायोग. मग आठ कप्प्यांच्या सरासऱ्या आठ चिठ्ठ्यांवर लिहायच्या, त्यातल्या कुठल्याही चार उचलून ‘कोबीवाल्या’ म्हणायच्या आणि बघायचं, नुसत्या उचलाउचलीत किती फरक पडतो. आठातून चार उचलायच्या रीती ७०. तुमची खरी वाटणी सगळ्यांत टोकाची निघाली तरी तिची उलटी वाटणीही धरावी लागते. म्हणजे ७० पैकी २, पी व्हॅल्यू ०.०२९. कोबी साक्षात अमृत ठरला तरी याच्या खाली उतरायचं नाही. आणि जागा नाही म्हणून सहाच कप्पे केले असतील तर रीती २०, त्यातल्या २, म्हणजे ०.१. कोबी बाजारातून यायच्या आधीच प्रयोग नापास! आधी कळलं असतं तर आणखी चार कप्पे बांधता आले असते, हे कबूल. पण जाळीला कोटेशन लागतं, कोटेशनला कमिटी लागते, कमिटीला कोरम लागतो. एक लाख वीस हजार नोंदींना काही लागत नाही.

मागे एका मुलाला मी खरोखर चिठ्ठ्या करायला लावल्या होत्या. जुन्या हजेरीपटाच्या पाठकोऱ्या कागदाच्या आठ चिठ्ठ्या माझ्या टेबलावर मांडल्या, वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यावर चहाचे कप, डस्टर, माझ्या चष्म्याचं घर ठेवलं. तिसऱ्याच फेरीला त्याच्या खऱ्या निकालापेक्षा मोठा फरक आला. बराच वेळ तो नुसता बघत राहिला. मग म्हणाला, “मॅडम, पंखा बंद करून परत काढू का?”

तर चिठ्ठ्या नकोत.

कोंबड्यांचं आपसात काही चालतं ही बातमी पहिल्यांदा शास्त्रात आणली ती नॉर्वेच्या थोरलाइफ श्येल्डरुप-एब्बे यांनी. लहानपणापासून कोंबड्या न्याहाळणाऱ्या या गृहस्थांनी १९२२ साली जर्मनमध्ये लिहिलं की कळपात टोचण्याची उतरंड असते : वरची खालचीला टोचते, खालचीने उलट टोचायचं नाही. (सुनेने सासूला, असं मी म्हटलेलं नाही.) तुम्ही या उतरंडीचा एक रकाना करा आणि वजन, वय यांच्या शेजारी ठेवून द्या, जणू तो नंबर कोंबडी अंड्यातून बाहेर येतानाच घेऊन आली. कप्प्यातली पहिली मेली की चोवीस जणींचा नंबर एकाच दुपारी बदलतो, त्यांनी स्वतः काहीही न करता. हे कुणी दाखवून दिलं तर म्हणा, पुढच्या अभ्यासाला वाव आहे.

विल्यम म्यूर यांनी तर कहरच केला. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात त्यांनी सर्वांत जास्त अंडी घालणारी एकेक कोंबडी निवडायची शहाणी वाट सोडली. एका कोंबड्याच्या लेकी एका पिंजऱ्यात ठेवल्या, त्यांच्या चोची कापल्या नाहीत आणि पुढच्या पिढीसाठी ठेवायचा की काढायचा तो अख्खा पिंजरा, असं ठरवलं. १९९६ साली निकाल छापले. दुसऱ्या पिढीत वर्षाकाठी ६८ टक्के कोंबड्या मरत होत्या, चौथ्या पिढीत ८.८ टक्के. सुरुवातीला पिंजऱ्यात ठेवलेल्या दर कोंबडीमागे वर्षाला ९१ अंडी मिळत, ती २३७ झाली. मुख्यतः मरणं कमी झाली म्हणून अंडी वाढली, आणि मरणं कमी झाली ती शेजारीण निवळली म्हणून. कोंबडीच्या अंड्यात शेजारणीच्या स्वभावाचा वाटा असतो, एवढा याचा अर्थ. अशा वेळी जबाबदार संशोधकाने काय करावं? शीटमधला पिंजरा नंबरचा रकाना डिलीट करावा. रकानाच नाही तर शेजारीण कुठली?

आता कुणीतरी नेटवरून वाचून म्हणेल, मिक्स्ड मॉडेल लावा, कप्प्याला रँडम इफेक्ट द्या, म्हणजे कप्प्याकप्प्यातला फरक गणितात धरा. लावा की. शब्द भारदस्त आहे, परीक्षकांना आवडतो. पण हे मॉडेल कप्प्यातल्या सगळ्या जणी थोड्याफार एकमेकींसारख्या असतात एवढंच मानतं. खाद्याच्या भांड्याशी काय होतं ते आठवा : एक आत घुसली की एक बाहेर फेकली जाते, एकीने चारदा खाल्लं की दुसरीच्या वाट्याला दोनदा येतं. एका कप्प्यातल्या दोघी तिथे परक्यांपेक्षाही जास्त वेगळ्या निघतात. असं असलं की मॉडेल गोंधळतं. सारखेपणा शून्याच्या खाली मोजायची त्याला सोयच नाही, ते शून्याशी अडून बसतं आणि पडद्यावर ‘सिंग्युलर फिट’ अशी कुरकुर करतं. वास्तविक ही कोंबड्यांनी दिलेली बातमी : बाई, आम्ही इथे भांडतोय. तुम्ही बातमी वाचत बसू नका. कप्प्याचा रँडम इफेक्ट मॉडेलातून काढा, कुरकुर बंद होते. कोंबडं झाकून ठेवायची आपल्याकडे जुनी परंपरा आहे.

खाद्याची गाडी आली आणि सगळ्या एकदम धावल्या, तर ‘सामाजिक अनुकरण’ असं लिहा. एकमेकींचं बघून धावल्या की गाडी बघून, या भानगडीत पडू नका. चार्ल्स मान्स्की या अर्थशास्त्रज्ञाने १९९३ साली माणसांच्या बाबतीत हाच पेच मांडला : आरशातली प्रतिमा माणसाला हलवते की माणूस प्रतिमेला, हे नुसतं दोघांना बघून ठरत नाही. पण तो अर्थशास्त्रज्ञ, त्याला कुठे शेडवर पहाटे पाचला जायचं होतं!

इतकं करूनही मन खात असेल तर लायब्ररीत जा. कोपऱ्यातल्या कपाटात याच विषयावरचे दहा-बारा थीसिस सापडतील, काळ्या पुठ्ठ्याचे, सोनेरी अक्षरांचे. एकूण एक थीसिसमध्ये प्रत्येक कोंबडी स्वतंत्र धरलेली असेल. दहा-बारा माणसं आपापल्या डोक्याने एकाच निष्कर्षाला आली, याहून भक्कम पुरावा कुठला? गाईड सगळ्यांचे एकच होते, पहिल्याची वर्ड फाइल दुसरीने घेतली, दुसरीची तिसऱ्याने, आणि चौथ्याच्या ‘साहित्य व पद्धती’त पहिल्याच्या गावचं हवामान तसंच राहून गेलंय, या किरकोळ गोष्टी आहेत. सगळ्यांची मोजणी वेगवेगळी करा. जमल्यास त्याचाही सरासरी तक्ता द्या.

व्हायव्हाला बाहेरचे परीक्षक येतील. कोरा शर्ट घाला, काजू मागवून ठेवा. ते चुकून विचारतील, “कप्पे किती होते?” तुम्ही ठणकावून म्हणा, “सर, पक्षी दोनशे.” बहुधा पुढे विचारणार नाहीत. गेल्या खेपेला त्यांच्या विद्यार्थ्याच्या व्हायव्हाला तुमचे गाईड परीक्षक म्हणून गेले होते आणि तेही काही विचारून आले नव्हते. दोन्ही परीक्षकांची मतं अर्थात स्वतंत्र.

एक राहिलं. ऋणनिर्देशात आई-वडील, गाईड, हॉस्टेलचे मित्र झाले की कोंबड्यांना विसरू नका. दोनशे जणी आहेत. प्रत्येकीचे वेगळे आभार माना.