जांगड म्हणजे उधारी नव्हे

लग्नसराई ओसरली की आमच्या साडीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज न चुकता फिरतो. यंदा तो मला तीन ठिकाणांहून आला, त्यातला एक सख्ख्या नणंदेकडून. विषय जांगड, म्हणजे विकेल त्याचे पैसे आणि उरेल ते परत या बोलीवर दुकानात ठेवलेला माल. मजकूर थोडक्यात असा: ‘जांगड मालाची लिखापढी नसेल तर पैसे बुडाले समजा. पक्कं बिल नसेल तर कोर्ट दारात उभं करत नाही. उपाय एकच, सरळ ४२० टाका, पोलिस दोन दिवसांत वसूल करून देतात. नाहीतर दुकानात जा आणि आपला माल उचलून आणा. वर्ष उलटलं की तेही विसरा.’ खाली जोडलेले हात आणि ‘प्रत्येक व्यापाऱ्यापर्यंत पोचवा’.

मी वकील नाही. येवल्याहून पैठण्या घेऊन पुण्या-नाशिकच्या दुकानांना जांगड देते आणि एकदा चांगली पोळले आहे. पुण्यातल्या एका बाईंच्या बुटीकला ११ पैठण्या दिल्या होत्या. बोली साधी: विकेल तिचे पैसे द्यायचे, उरेल ती दिवाळीनंतर परत. दिवाळी गेली, संक्रांत गेली. ना पैसे, ना साड्या. म्हणून या मेसेजमधली बहुतेक विधानं मी स्वतःच्या खर्चाने तपासून बसले आहे.

लिखापढी नाही म्हणजे काहीच नाही, हे पहिलं विधान सगळ्यात जास्त लोकांना घरी बसवतं, आणि तेच सगळ्यात चुकीचं आहे. १८७२ च्या करार कायद्याला तोंडी करार चालतो. दुसऱ्याच्या वतीने माल विकणारा हा त्या कायद्याच्या भाषेत एजंट. त्याची नेमणूक कागदावरच हवी असं नाही, रोजच्या व्यवहाराच्या रीतीवरूनही ती ठरते (कलम १८७). मागितला की हिशेब द्यायचा (कलम २१३) आणि मालकाच्या वतीने आलेले पैसे आपलं कमिशन कापून मालकाला द्यायचे (कलम २१८), हे त्याच्यावर बंधनकारक आहे.

प्रश्न उरतो तो पुराव्याचा. माझ्याकडे काय होतं? जांगड वहीतली कार्बनची प्रत, तीही माझ्याच अक्षरात, समोरच्या सहीविना. प्रत्येक साडीच्या लेबलवरचा नंबर त्यात होता. पार्सलची पावती होती. आधीच्या हंगामात बाईंनी यूपीआयने पाठवलेले पैसे होते, शेऱ्यात ‘२ साड्या’ असं लिहिलेले. आणि पार्सल पोचलं त्या संध्याकाळचा त्यांचा मेसेज: ‘११ मिळाल्या ताई, मुनियावाल्या दोन लगेच जातील.’ वकीलबाईंनी सगळं चाळलं आणि या एका ओळीवर बोट ठेवलं. म्हणाल्या, करारपत्र म्हणतात ते हेच.

फक्त स्क्रीनशॉटची प्रिंट फाइलला टाचली की काम झालं, असं नाही. इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं, पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खाली, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये यावर शिक्कामोर्तब केलं ते आपल्या जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या खटल्यात. मूळ फोनच कोर्टात हजर केला तर गोष्ट वेगळी. तेव्हा वाद मिटेपर्यंत जुना फोन एक्स्चेंजमध्ये देऊ नका, आणि ‘मेमरी साफ करून देतो’ म्हणणाऱ्या भाच्याच्या हातात तर मुळीच नको.

या विधानात एक अर्धं सत्य आहे, ते मान्य. लेखी करार असता तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ खालचा झटपट दावा टाकता आला असता. तोंडी व्यवहारात साधा दावा, साक्षीपुरावे, तारखा. वेळ जास्त जातो, पण म्हणून पैसे बुडत नाहीत.

पक्क्या बिलाचं सांगायचं तर जांगड माल निघतो तेव्हा विक्री झालेलीच नसते, मग विक्रीचं बिल कुठून येणार? जीएसटीतसुद्धा पसंतीवर पाठवलेला माल डिलिव्हरी चलनावर जातो. बिल विक्री झाल्यावर, किंवा फार तर माल निघाल्यापासून ६ महिन्यांत. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत एरवी नोंदणीचीही सक्ती नाही. आणि कर चुकलाच असेल तर तो हिशेब तुमचा आणि कर खात्याचा. समोरच्याचं देणं त्याने माफ होत नाही.

आता ४२०. मेसेज लिहिणाऱ्याला पत्ता नाही, पण जुन्या दंड संहितेतला फसवणुकीचा तो आकडाच १ जुलै २०२४ पासून गेला. नव्या भारतीय न्याय संहितेत फसवणूक कलम ३१८ मध्ये आहे आणि विश्वासघात ३१६ मध्ये. दोन्ही एक नव्हेत. फसवणुकीत माल घेतानाच मनात खोट होती हे दाखवावं लागतं. विश्वासघातात वस्तू विश्वासाने सोपवलेली असते आणि नंतर ती किंवा तिचे पैसे लाटले जातात. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्ली रेस क्लबचं प्रकरण होतं. घोड्यांचा दाणा पुरवणाऱ्याचे पैसे थकले होते. न्यायालयाने सांगितलं की माल विकला की मालकी घेणाऱ्याकडे जाते, मग ‘सोपवलं’ काय? म्हणून विश्वासघात होत नाही. आणि त्याच एका घटनेवर फसवणूक आणि विश्वासघात दोन्ही लावता येत नाहीत.

माझी चूक इथेच झाली होती. चार महिने मी त्या बाईंना मेसेज करत होते, ‘उधारी कधी मिटवताय?’ तोंडात बसलेला शब्द. पोलिस ठाण्यात हवालदारांनी माझाच फोन वर-खाली केला आणि म्हणाले, ‘ताई, तुम्हीच उधारी म्हणताय. हे दिवाणी आहे.’ उधारी म्हणजे माल विकून झाला, फक्त पैसे राहिले. जांगड म्हणजे माल अजून माझा, त्यांच्याकडे ठेवलेला. पैठणी तीच, पण माझ्याच शब्दाने तिची मालकी मी देऊन टाकली होती. तेव्हापासून मी ‘जांगड दिलेल्या साड्यांचा हिशेब द्या, उरलेल्या परत करा’ असंच लिहिते, नंबरांसकट. शिवाय गुन्हा नोंदला तरी वसुली हे पोलिसांचं काम नाही. एका फोनवर पैसे निघाले असतील तर ते समोरचा घाबरला म्हणून.

माल उचलून आणायचा सल्ला देणाऱ्याने एकदा स्वतः करून बघावं. मालक गल्ल्यावर नसताना साड्या काढल्या तर तक्रार आपल्यावर होते. संमतीने परत मिळत असतील तर जरूर घ्या, नंबर टिपून, दोघांच्या सहीने. आणि दुकानातून कुणी प्रामाणिकपणे विकत घेतली असेल तर त्या गिऱ्हाइकाच्या मागे लागू नका. १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम २७ अशा खरेदीदाराच्या बाजूने उभं राहतं.

वर्षाची मुदत कुठून आली देव जाणे. मुदत ३ वर्षांची आहे. एजंटाकडे हिशेब मागितला आणि त्याने नाकारला तेव्हापासून, विकलेल्या मालाचं असेल तर साधारणपणे माल दिल्यापासून. मी यातली आधीची तारीख धरून चालते. तोंडी ‘देते हो, देते’ने हे घड्याळ थांबत नाही. मुदतीच्या आत समोरच्याने सहीनिशी देणं कबूल केलं तर मात्र ३ वर्षं नव्याने मोजली जातात. पाच हजार जरी हातावर ठेवले तरी त्याची नोंद समोरच्याच अक्षरात घ्या ती याचसाठी. स्पीड पोस्टाने नोटीस द्या आणि त्यात व्याज मागा, म्हणजे त्या तारखेपासूनचं व्याज मागायला आधार राहतो.

नणंदेचा प्रश्न रास्त होता: वकिलाचा खर्च परवडेल का? बायकांना, मिळकत कितीही असली तरी, १९८७ च्या विधी सेवा कायद्याने मोफत वकील मिळतो, हे आमच्या ग्रुपवर कुणी फिरवत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज द्यायचा. दावा टाकण्याआधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं, फी नाही, आणि तिथली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकीच पक्की. अडचण एकच, समोरच्याने यायला हवं.

त्या बाई आल्या. सहा साड्या परत मिळाल्या, त्यातल्या एकीला फॉल-पिको झालेलं आणि निऱ्यांवर हळदीचा डाग. पाच साड्यांचे चार चेक ठरले. तिसरा परत आला. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते, ती मी नवव्या दिवशी धाडली. नोटीस हातात पडल्यापासून पैसे भरायला समोरच्याला १५ दिवस असतात. बाराव्या दिवशी रात्री पावणेअकराला खात्यात रक्कम जमा झाली. शेऱ्यात लिहिलं होतं, ‘उधारी’.