नाक्यावर उकिरडा कसा वसवावा

नवी मुंबईत उकिरडा वसवणं सोपं नाही. सिडकोने आखलेले सेक्टर, रंगवलेल्या भिंती, वर स्वच्छतेची बक्षिसं. नवख्याचा हिय्याच होत नाही. पण चिकाटी ठेवा, जमतं.

जागा निवडताना दिवा गेलेला खांब बघा, कुणाच्या खिडकीतून न दिसणारी कंपाउंडची भिंत बघा आणि वाट स्टेशनकडे जाणारी हवी. दोन सोसायट्यांची हद्द मिळाली तर सोनंच. दोन्हीकडचे सेक्रेटरी "तो तुमचा भाग" म्हणत वर्ष काढतात.

मुहूर्त सकाळचा. घंटागाडी येणार नऊला, तुमची लोकल सव्वासातची. पिशवी घेऊन निघा आणि चालता चालताच हात सैल सोडा. थांबू नका, थांबलेला माणूस कचरा टाकणारा दिसतो, चालणारा नुसता घाईतला. पहिली पिशवी तेवढी जड जाते. दुसरी कुणीतरी तिच्या शेजारी आणून ठेवतो, आणि तिसऱ्याला ही जागा पालिकेनेच नेमून दिली असं वाटतं.

पिशवीत काय भरावं याला मात्र वेळ द्या. ओला, सुका, घरगुती घातक असं वेगवेगळं ठेवायला 2016 च्या घनकचरा नियमांनी सांगितलं. ते आपल्यासाठी नाहीत. उरलेली आमटी थेट वर्तमानपत्रावर ओता, म्हणजे रद्दीचा भाव गेला आणि कचरावेचक बाईंची मजुरीही बुडाली. कोळंबीची सालं आवर्जून घाला, पिशवी फाडायचं काम कुत्री रात्रीत फुकट करतात. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाका. लोंबता ठेवला तर तो पिशवीबरोबर भंगारात जातो. सुटा त्रिकोण गटाराच्या जाळीतून बिनबोभाट उतरतो. शहाळी उताणी ठेवावीत. पावसाचं पाणी साचलं की आठ-दहा दिवसांत डासांची नवी पिढी उडायला तयार. डायपर कागदात गुंडाळण्याचा शिष्टाचार पाळू नका, सफाई कामगाराला हात लागल्यावर कळेलच.

"येथे कचरा टाकू नये" या फलकाला घाबरायचं कारण नाही, उलट अंधारात जागा सापडते. भिंतीवर देवांच्या टाइल्स बसवल्या तर आणखी बरं: आधी हार येतात, मग निर्माल्य, मग निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी. रविवारच्या स्वच्छता मोहिमेला स्वतः जा. हातमोजे घाला, फ्लेक्ससमोर फोटो काढा, पाण्याची बाटली तिथेच ठेवा.

खरा धोका वेगळा. एखादा खुळा जागा तळापर्यंत उचलून घेतो, धुतो, दिवा लावून घेतो आणि पुढचे तीन आठवडे सकाळ-रात्र तिथे उभा राहतो. वर वॉर्ड ऑफिसात खेटे घालून घंटागाडीची एक फेरी रात्री आठला मिळवतो. मग सव्वासातच्या लोकलची सबब संपते आणि दुसरी पिशवी येतच नाही. असा माणूस दिसताच सोसायटीच्या ग्रुपवर विचारा, "यांना काही कामधंदा नाही का?" बहुतेक तेवढ्याने भागतं.

पावसाळ्यात तुमचं काम मोठं होतं. शहराचा बराच भाग खाडीकाठी भराव टाकून उभा राहिलाय, म्हणून नाल्यांचं पाणी आधी धारण तलावात साठतं. तलावाच्या तोंडाशी झडपा असतात. भरतीच्या दाबाने त्या मिटतात, ओहोटीला उघडतात. वेफर्सची पाकिटं, थर्माकोल आणि एखादी चप्पल नेमकी फटीत अडकली की झडप पुरती मिटत नाही आणि खाडी उलटी आत शिरते. त्यात जुलैतली मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच दुपारी गाठ पडले, तर पाणी थेट तळमजल्याच्या पार्किंगमध्ये येतं.

तिथे तरंगणारी एखादी पिशवी ओळखीची वाटली तर बिचकू नका. काठीने हळूच ढकला आणि शेजारच्या सोसायटीच्या हद्दीत सोडा.