अडीच घरांचा रस्ता

इंग्लंडमधल्या स्थानिक बुद्धिबळ लीगमध्ये खेळायला काय लागतं असं कुणी विचारलं, तर मी सिसिलियन डिफेन्ससारख्या सुरुवातीच्या चालींचं नाव काढत नाही. गाडी कुणाकडे आहे आणि मागच्या सीटवर तिघं ओव्हरकोटांसकट मावतात का, एवढंच विचारतो. चार पटांचा संघ, म्हणजे चार खेळाडू, म्हणजे एक गाडी. सहा पटांचा म्हणजे दीड गाडी, आणि अर्धी गाडी कुणी विकत नाही, म्हणून कॅप्टनचं निम्मं आयुष्य फोनवर जातं.

सामना आठवड्याच्या मधल्या वारी, बहुतेक ठिकाणी संध्याकाळी ७:३० वाजता. हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबर ते एप्रिल-मे, म्हणजे अंधार, पाऊस आणि धुकं यांचाही तोच हंगाम. प्रत्येक क्लबाशी एकदा आपल्या घरी, एकदा त्यांच्या दारी. ५:३० ला ऑफिस सुटतं. उरलेल्या दोन तासांत घर गाठायचं, काहीतरी तोंडात टाकायचं, तीन वेगवेगळ्या गल्ल्यांतून तिघांना उचलायचं आणि शिवाय प्रवास. पट, सोंगट्या आणि घड्याळं यजमानांची असतात. पाहुण्यांनी फक्त पेन आणायचं. तेच नेमकं कुणीतरी विसरतं.

नवा कॅप्टन नकाशावर पट्टी ठेवतो, तिथेच फसतो. पट्टी उंटासारखी सरळ तिरपी जाते, रस्ता घोड्यासारखा अडीच घरं चालतो. दक्षिण किनाऱ्यावरचं गॉसपोर्ट आणि पोर्ट्समथ बघा. बंदराच्या तोंडाशी समोरासमोर. फेरीबोट जेमतेम चार मिनिटांत पलीकडे सोडते, पण ती गाड्या घेत नाही. गाडी काढलीत तर बंदराला वळसा घालून १४ मैल. पूर्वेला वॉशच्या खाडीवर हन्स्टन्टन आणि स्केगनेस. हवा स्वच्छ असेल तर पलीकडचा किनारा दिसतो, आणि रस्त्याने किंग्ज लिन, बॉस्टन करत ७० मैलांच्या आसपास जातात.

डेव्हनमध्ये बार्नस्टेपल ते एक्सेटर म्हटलं तर ४० मैल. ए३७७ हा रस्ता टॉ नदीला सोडायलाच तयार नसतो. नदी वळली की तोही वळतो. पुढे ट्रॅक्टर लागला की तो तुमचा कॅप्टन. दुसरा पर्याय टिव्हर्टनकडून एम५ मोटरवेला लागायचं: १५ मैल जास्त, वेळ जवळजवळ तितकाच. कुठला घ्यायचा यावर गाडीत जेवढा खल होतो, तेवढा पुढे विसाव्या चालीवर झाला असता तर निम्म्या हरलेल्या डावांत बरोबरी तरी मिळाली असती.

उत्तरेत पेनाइन डोंगर मधे पडतात. शेफील्डहून मँचेस्टरच्या बाजूला जाणारा स्नेक पास हा घाटरस्ता हिमवर्षाव झाला की बंद. वरचा एम६२ डोंगरमाथ्यावर ३७२ मीटरपर्यंत चढतो. ब्रिटनमधल्या कुठल्याच मोटरवेने त्याहून उंची गाठलेली नाही. तिथलं धुकं बघून हत्तींचा शेवटचा किचकट डावही सोपा वाटायला लागतो. यॉर्कशरवाल्यांनी यावर शहाणपणाचा तोडगा काढलाय: वुडहाउस कपचे सामने शनिवारी दुपारी. हलहून शेफील्डला साधारण ६५-७० मैल जायचं, तर निदान दिवसाउजेडी निघता येतं. बायकामुलांनी शनिवार मागितला तर मात्र या तोडग्यात उत्तर नाही.

लंडनमध्ये मैल कमी आणि वैताग जास्त. मध्यभागी यायला ट्यूब, म्हणजे भुयारी रेल्वे, आहे; पण एका उपनगरातून दुसऱ्या उपनगरात आडवं जायचं म्हटलं की आठ मैलांना तास लागतो. मग कुणीतरी एम२५ सुचवतो. ११७ मैलांचा हा गोल रस्ता एवढ्याचसाठी बांधलाय की उशिरा पोचण्याचं कारण सगळ्यांना सारखंच असावं.

उशिराची किंमत अगदी रोख मोजली जाते. ७:३० ला यजमान घड्याळ सुरू करून चहा घ्यायला मोकळे. समजा प्रत्येकी ७५ मिनिटं आणि चालीमागे १० सेकंद वाढीव असा वेळ आहे. ८ ला पोचलात तर पहिली चाल खेळण्याआधीच तुमच्याकडे ४५. लीगच्या नियमात ठरलेली मुदत उलटली की तो पट गेलाच. शिवाय पट ताकदीच्या क्रमाने, सगळ्यात तगडा पहिल्यावर; माणूस कमी पडला तर रिकामा पट खालचाच ठेवायचा, असा पुष्कळ लीगांत नियम. म्हणून अनुभवी कॅप्टन पहिले चार पट एका गाडीत कधीच भरत नाही. पंक्चर कुणाचं रेटिंग बघून होत नाही.

परतीचं गणित आणखी वाईट. साठ चालींचा डाव झाला तर प्रत्येकाला ८५ मिनिटं, मिळून २ तास ५० मिनिटं, म्हणजे १०:२०. चर्चचा हॉल असेल तर रखवालदार किल्ल्यांचा जुडगा वाजवत दारात उभा. बारा चालींत हरलेला गडी ८:१५ पासून खालच्या पबमध्ये बसलेला, आणि गाडी तोच चालवणार म्हणून समोर संत्र्याचा रस. वर शेवटच्या पटावर हत्ती आणि तीन प्यादी विरुद्ध हत्ती आणि तीन प्यादी. चौघं कोट घालून मागे उभे. बोलायची परवानगी नसल्यामुळे फक्त खाकरणं चालू. शेवटची ट्रेन १०:४० ची असली की बरोबरीचे प्रस्ताव फार समंजस होतात.

तरी हे दिवस बरे म्हणायचे. वाढीव सेकंदांची डिजिटल घड्याळं येण्याआधी ठरलेल्या चाली संपल्या की डाव तहकूब व्हायचा. पुढची चाल कागदावर लिहून पाकिटात बंद, आणि उरलेल्या डावासाठी पुन्हा एका संध्याकाळी कुणीतरी तीस मैल यायचं. अर्ध्या गुणासाठी साठ मैलांचं पेट्रोल! ते नको म्हणून निवाड्याची सोय होती: शेवटची स्थिती एखाद्या तगड्या खेळाडूकडे पाठवायची, तो सांगेल कोण जिंकलं. बुद्धिबळात पंचायत कशाला, असं वाटतं खरं. पण पावसाळी मंगळवारी तो रस्ता दोनदा केलेल्या माणसाला ती पटते.

पत्त्याचं वेगळंच. शहरात पोस्टकोड थेट दारात नेतो, खेड्यात तोच कोड मैलभर पसरलेल्या शेतांना पुरतो. हॉल चर्चच्या मागे, पाटी कुंपणाच्या आत, दिवा एकच आणि तोही स्वच्छतागृहाचा. गाडीत बसण्याआधी यजमान कॅप्टनला फोन करून आत जायचं दार कुठलं ते विचारावं. आणि त्याच फोनवर सामना नक्की कुणाच्या घरी आहे हेही. वेळापत्रकातलं पहिलं नाव (यजमानांचं) आणि दुसरं (पाहुण्यांचं) उलटं वाचलं, की दोन्ही संघ ए३७७ वर एकमेकांना डिपर देत उलट दिशांना वेळेवर निघालेले असतात.