लेबलावर लेबल किती थापसान बाप्पा!
राजेहो, डोकं भणभणून गेलं. जिनिंगच्या काट्यावरचा प्रोग्राम कोणीतरी पायथनच्या टीके-इंटरमधे (खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) करून गेला, आन् त्यात वजन बदललं की जुनं लेबल (पडद्यावरची मजकुराची पट्टी) तसंच ठेवून ग्रिडच्या, म्हंजे मांडणीच्या चौकटीच्या, त्याच खान्यात नवीन लेबल! आधी १२.४५ क्विंटल, मंग ९.८०, आन् मागच्याचा शेवटचा ५ बाजूनं डोकावतेच, मंग कास्तकार विचारते, "भाऊ, माहा कापूस नेमका किती?" अबे एकदा लेबल बनव, मंग कॉन्फिगनं नुसता त्याचा टेक्स्ट बदल नाहीतर स्ट्रिंगव्हार (बदलला की लेबलही आपोआप बदलवणारा व्हेरिएबल) लाव, पण नाई, दर गाडीले नवीन जन्माला घालायचं, जुनं डिस्ट्रॉय करायचं, म्हंजे काढून टाकायचं, नावच नाई, दिवाळीनंतर गाड्यांची रांग लागली की दुपारपर्यंत प्रोग्राम गाभण म्हशीसारखा जागचा हलत नाई. आन् ते लूपमधे (तोच कोड फिरवून फिरवून) बनवलेले बटणं! प्रत्येक गाडीपुढं 'पावती', कोणतंही दाबा, शेवटच्या गाडीचीच निघते. बटणाले जोडलेला लॅम्डा (बिननावाचं फंक्शन) आय ची, म्हंजे गाडीच्या नंबरची, किंमत दाबतानी पाह्यते, बनवतानी नाई, हे काय गुपित आहे काय? नंबर बनवतानीच पक्का व्हावा म्हणून लॅम्डा आय=आय लिहायले काय पैसे पडतेत? वरून मधातच टाइम डॉट स्लीप (सारा प्रोग्रामच थांबवून ठेवणारं), की झाली खिडकी 'नॉट रिस्पॉन्डिंग'. मंग खिडकी न अडवता थोड्या वेळानं काम करणारं आफ्टर कायले देल्लं बे?