नाव झाकलं, भाषा कशी झाकणार?

इथे पिट्सबर्गमध्ये शनिवारी रात्री नऊ वाजतात तेव्हा पुण्यात रविवारची सकाळ उजाडलेली असते, साडेसातची. आमच्या मराठी ऑनलाइन त्रैमासिकाच्या निवड समितीची बैठक त्याच वेळेला होते. पुण्याचे सर आंघोळ उरकून बसलेले, नागपूरच्या ताईंच्या मागे कुकरच्या शिट्ट्या, बेंगळुरूच्या मुलाचा कॅमेरा कायम बंद. अंक काढणारी मंडळी वेगळी. आम्हा चौघांना दर जानेवारीत एकच काम असतं, वर्षभरात आलेल्या कथांतून 'निवडक'साठी बारा काढायच्या.

या वेळी बैठकीआधीच एका वाचकाचं पत्र आलं होतं. "दर वर्षी तीच पाच आडनावं फिरून फिरून येतात. तुम्ही संपादक आहात की नातेवाईक?"

मराठीत हे भांडण नवीन नाही. १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला. आज असे अंक शेकड्यांनी निघतात, पण कुठलेही दहा उचला, अनुक्रमणिकेत निम्मी नावं तीच. संपादक 'निमंत्रित' लेखन मागवतात आणि पोस्टाने किंवा मेलने आलेलं उरलेल्या जागेत बसवतात. कंपूशाहीची तक्रार त्यातूनच येते, आणि ती खोटी नाही.

मला वाटलं, याचं औषध आपल्या खिशात आहे. नावं झाकून वाचा. परदेशात राहिलं की ही खोड लागतेच, तिकडचा कुठलाही तंटा ऐकला की 'आमच्याकडे काय करतात माहितीये का' हे तोंडातून निघून जातं. पण मी ऐकीव सांगत नव्हतो. इथल्या एका छोट्या इंग्रजी ऑनलाइन मासिकासाठी मी चार वर्षं बिनपगारी पहिला वाचक आहे. लेखक तीन डॉलर भरून कथा पाठवतो, त्याचं नाव काढून ती माझ्या पडद्यावर येते आणि खाली तीन बटणं असतात: हो, नाही, कदाचित. महिन्याला तीसेक कथा. बहुतेकींचा निकाल दुसऱ्या पानाच्या आत लागतो, हे कबूल केलेलं बरं. 'नाही' दाबलं की लेखकाला आपोआप पत्र जातं. त्याचं नाव सोडलं तर त्यातला एकही शब्द त्याच्यासाठी लिहिलेला नसतो. आपल्याकडच्या 'साभार परत'मध्ये निदान आभार तरी होते. परतीच्या पाकिटाचं तिकीट मात्र तेव्हाही लेखकच लावायचा, म्हणजे तीन डॉलरची रीत तशी आपलीच म्हणायची.

बैठकीत मी २०१५ ची गोष्ट सांगितली. 'बेस्ट अमेरिकन पोएट्री' या वार्षिक संकलनाचे त्या वर्षीचे पाहुणे संपादक होते शेर्मन अलेक्झी. त्यांनी यी-फेन चौ या नावाने छापून आलेली एक कविता निवडली. निवड झाल्यावर कळलं की कवी आहे मायकेल डेरिक हडसन, इंडियानातला गोरा माणूस. खऱ्या नावाने ती कविता ४० वेळा परत आली होती. मग त्याने चिनी नाव लावलं. त्या नावानेही ९ नकार आले आणि मग एका मासिकाने ती घेतली. अलेक्झींनी कविता काढली नाही. कवी चिनी वंशाचा आहे असं वाटल्यामुळे आपण तिच्याकडे जास्त आपुलकीने पाहिलं, हे त्यांनी उघड लिहिलं. आता ती काढली तर ते नाकारल्यासारखं होईल, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही बाजूंनी शिव्या बसल्या.

"म्हणून नावं झाका," मी म्हटलं.

नागपूरच्या ताई थोडं थांबून म्हणाल्या, "दादा, आपल्याकडे आडनाव बदलून पाठवायची वेळ कोणावर येते, ते पाहा आधी."

यावर सर काही बोलले नाहीत. मीही नाही. १९३३ साली मालतीबाई बेडेकरांनी, तेव्हाच्या बाळूताई खरे यांनी, 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाने कथा छापल्या आणि महाराष्ट्र त्या बाजूला ठेवून बाई कोण हे शोधत बसला. नाव झाकण्याची आपली कारणं हडसनच्या कारणापेक्षा फार वेगळी आहेत.

तरी झाकायचं ठरलं. बेंगळुरूच्या मुलाने ४६ कथांच्या फाइलींवरून नावं काढून आकडे टाकले. प्रत्येकाने दहापैकी गुण द्यायचे, बेरीज करायची, वरच्या बारा घ्यायच्या. समितीतल्यांच्या स्वतःच्या कथा बाद.

पहिल्या पाच कथा वाचून होईपर्यंत माझ्या लक्षात आलं की मी तिघांना ओळखलंय. एक जण प्रत्येक परिच्छेद तीन टिंबांवर सोडतो, त्याला मी दर वर्षी मंडळाच्या गणपतीत भेटतो. इंग्रजीत माझ्या पडद्यावर येणारा माणूस ओरेगनचा असतो की फ्लोरिडाचा, मला पत्ता लागत नाही. मराठीत मात्र दोन वाक्यांत तालुका कळतो आणि चौथ्या वाक्यात, खोटं कशाला बोला, बरेचदा घरही कळतं.

अठरा नंबरची कथा वऱ्हाडीत होती. संवाद तर होतेच, निवेदनसुद्धा. कापूस घेऊन आलेल्या ट्रॅक्टरांची जिनिंगबाहेर रांग लागलेली, एक बाई दोन रात्री ट्रॉलीवर काढते, एवढंच कथानक. 'मले', 'तुले', 'काहून', आणि पाण्याला सगळीकडे 'पानी'. सरांनी तीन गुण दिले. शेरा: 'मुद्रितशोधन झालेलं दिसत नाही.' १९६२ चे शुद्धलेखनाचे १४ नियम आणि १९७२ ची चारांची भर सरांना तोंडपाठ आहे. पण त्यांना हसण्याचा हक्क मला नाही, कारण मी चार दिले होते. मी १९९८ मध्ये विमानात बसलो तेव्हाची माझ्या आईची मराठी मी इथे बरणीत घालून ठेवलीय, आणि तिच्याशी जे जुळत नाही ते मला चुकलेलं वाटतं. ताईंनी नऊ दिले, मुलाने आठ. बेरीज २४.

तीन टिंबंवाल्याची कथा: मुलगा वीस वर्षांनी घरी येतो, आई भाजणीचा डबा बॅगेत कोंबते, विमानतळावर वजन जास्त भरतं. सात, सात, सात, सहा. बेरीज २७. ती आत, अठरा नंबर बाहेर.

"ती तुम्ही मोठ्यानं वाचली का?" ताईंनी विचारलं. नव्हती वाचली. बैठक संपल्यावर स्वयंपाकघरात उभं राहून वाचली. दुसऱ्या रात्रीचा, बाई ट्रॉलीवरून खाली उतरायला घाबरते तो परिच्छेद आला आणि मला थांबावं लागलं. उतरली तर रांगेतला नंबर जाणार आणि न उतरावं तर लघवीला जायचंय, एवढंच त्यात आहे. डोळ्यांनी वाचताना त्यावरून मी सरळ पुढे गेलो होतो.

म्हणजे माझ्या औषधाने आजार बरा झाला नाही, जागा बदलली. नाव झाकल्यावर आडनावाचा पक्षपात कमी होत असेल, पण प्रमाणभाषेचा पक्षपात गुणांच्या आड जाऊन बसतो आणि तिथे त्याला पकडता येत नाही. शिवाय सरासरी. कुणालाच न खुपणारी कथा सरासरीत जिंकते. तीनही मिळणारी आणि नऊही मिळणारी कथा हरते. आणि ती कुणी पाडली, तर कुणीच नाही, बेरजेने पाडली.

१९६९ मध्ये लघुअनियतकालिकवाल्यांनी, म्हणजे स्वतःचे छोटे अंक काढणाऱ्या बंडखोर लेखकांनी, 'सत्यकथा' या प्रतिष्ठित मासिकाची होळी केली. त्यांची तक्रार खरी होती, एका चाळणीतून सगळं मराठी लेखन कसं जाईल? पण होळी कुणाच्या दारात करायची हे त्यांना ठाऊक होतं. ती चाळणी धरणाऱ्या माणसांना नावं होती. राम पटवर्धनांसारखा संपादक लेखकांना पत्रं लिहायचा, कथेत काय अडतंय ते सांगायचा. आमच्या गुणपत्रिकेच्या दारात कोण काय जाळणार?

अमेरिकेतली घ्यायची रीत हवीच असेल तर माझ्या मते दुसरी घ्यावी. 'बेस्ट अमेरिकन शॉर्ट स्टोरीज' १९१५ पासून निघतं. १९७८ पासून दर वर्षी पाहुणा संपादक वेगळा. मालिकेचा संपादक वर्षभर वाचून सव्वाशेच्या आसपास कथा त्याच्यापुढे ठेवतो, तो त्यातून विसेक निवडतो आणि प्रस्तावनेखाली स्वतःचं नाव घालतो. आवडनिवड त्याचीच, पुढच्या वर्षी दुसऱ्याची. मागच्या पानांत, न घेतलेल्या पण दखल घेण्याजोग्या कथांची यादी असते.

पुढच्या शनिवारी मी हे मांडलं. सर म्हणाले, ही तर हुकूमशाही. मी म्हटलं, एका वर्षाची आहे आणि सहीनिशी. दीड तास घासाघीस झाली, ताईंच्या कुकरचा वरणभात होऊन थंड झाला असेल. शेवटी या वर्षीची निवड ताईंवर सोपवली. प्रस्तावना त्यांची, मागे राहिलेल्यांची यादीही त्याच करणार. आणि समिती उरलीच नाही म्हटल्यावर आमच्या कथांवरची बंदीही उठली.

अंक काल आला. अठरा नंबर सुरुवातीलाच आहे, 'पानी'सकट. भाजणीचा डबा नाही. माझी कथा मागच्या यादीत आहे. यादी अकारविल्हे आहे, एवढाच काय तो दिलासा.