खुलासा : साकुराचा बोन्साय घरात फुलत नाही

‘साकुराचं बी लावा, कुंडी दिवाणखान्यात ठेवा, वर्षभरात गुलाबी फुलं’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

साकुरा म्हणजे जपानी चेरी, पानगळीचं, थंड हवेचं झाड आहे. त्याच्या फुलकळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होतात आणि मग झोपी जातात. ही झोप मोडायला कित्येक आठवडे साधारण ७ अंश सेल्सिअसखालची थंडी लागते. घरातल्या उबेत ती मिळत नाही. झाड दमत जातं आणि मरतं. म्हणून बोन्सायही बाराही महिने बाहेरच हवा. कडक हिमात फक्त कुंडीतली मुळं जपायची.

बियांचं म्हणाल तर, त्यांनाही रुजण्याआधी थंडी लागते आणि फुलांसाठी अनेक वर्षं थांबावं लागतं. जपानमधला साकुराचा प्रसिद्ध वाण ‘सोमेई योशिनो’ तर कलमानेच वाढवतात, बियांतून तो तसाच उतरत नाही. बोन्सायसाठी छोट्या पानाफुलांचा फुजी चेरी, विशेषतः त्याचा ‘कोजो-नो-माई’ हा वाण, मला सर्वांत योग्य वाटतो.

छाटणी फुलं गळल्यावर लगेच, तीही हलक्या हाताने. उशिरा कापलंत तर पुढच्या वर्षीच्या कळ्याच जातील. मोठ्या जखमांतून बुरशी शिरते. ‘साकुरा छाटणारा मूर्ख, उमे न छाटणारा मूर्ख’ ही जपानी म्हण त्यातूनच आली (उमे म्हणजे जपानी जर्दाळूचं झाड).